उपाशी या, पण पाणी पिऊन या

रात्री साडेआठला केंद्राचं शटर ओढायच्या वेळेला हमखास एक फोन येतो. "मॅडम, उद्या सकाळी आमच्या बाबांची सोनोग्राफी आहे. चिठ्ठीवर उपाशी लिहिलंय आणि खाली भरपूर पाणी प्या असंही लिहिलंय. नक्की करायचं काय?" मी सांगते, दोन्ही करायचं. पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, "म्हणजे पाणी चालतं ना? मग चहा?"

तालुक्याच्या गावातल्या एका सोनोग्राफी केंद्राच्या काउंटरवर बसून मला अकरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. नंबर लावायचे, पावती फाडायची, फॉर्म भरून घ्यायचे आणि लोकांना शांत करायचं, एवढंच माझं काम. पण एवढ्या वर्षांत कळलेली गोष्ट अशी की या तपासणीचं अर्धं काम पेशंट घरूनच करून येतो, नाहीतर घरूनच बिघडवून येतो. बिचाऱ्याचा दोष नसतो, नियमामागचं कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. "उपाशी या" हे लोकांना देवळात चपला काढण्यासारखं वाटतं: सगळे करतात म्हणून करायचं, आणि थोडं इकडंतिकडं झालं तरी देव रागावत नाही. मशीन मात्र रागावतं. ते आवाजावर चालतं, आणि आवाजाचं हवेशी अजिबात जमत नाही.

माठ वाजवून बघावा तसं

माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठंतरी तडा. आत डोकावायची गरज नाही, आवाजच सांगतो. सोनोग्राफीचं मूळही असंच तडे शोधण्यात आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 साली ऑपरेशन करून काढलेल्या गाठी घेऊन चक्क एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. धातूच्या जोडात चीर राहिली आहे का, हे ध्वनिलहरी सोडून तपासायचं यंत्र तिथं होतं. त्या यंत्रावर त्यांना दिसलं की पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आणि भरीव गाठीचा वेगळा. 1958 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला, आणि कारखान्यातली युक्ती दवाखान्यात आली.

आपल्या कानाला सेकंदाला 20 ते 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत वापरतात तो साधारण 20 ते 50 लाख कंपनांचा. डॉक्टरांच्या हातातल्या त्या ठोकळ्यातून, म्हणजे प्रोबमधून, तो आत जातो आणि जिथं एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथून थोडा थोडा परत येतो. शरीरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर. दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला सेकंदाचा जेमतेम साडेसात हजारावा भाग लागतो. किती वेळात परत आला यावरून अंतर, किती जोरात परत आला यावरून ठिपका किती पांढरा, आणि अशा लाखो ठिपक्यांचं मिळून ते राखाडी चित्र. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, म्हणून गरोदर बाईची तपासणी यानेच होते.

आता हवेचं. मांसातून जाणारा आवाज वाटेत हवेला भिडला की त्यातला 99 टक्क्यांहून जास्त तिथूनच मागे फिरतो. पुढचं काहीच दिसत नाही, भिंत आल्यासारखं होतं. पोटावर ती गारगार जेली लावतात तीसुद्धा याचसाठी: प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी चित्र गेलं. पाण्याचं उलट. पाण्यातून आवाज आरपार जातो, पाणी पडद्यावर स्वच्छ काळं दिसतं आणि त्याच्या मागचं सगळं उजळून निघतं. पोटातली हवा कमी करा आणि पाण्याची खिडकी तयार करा. चिठ्ठीवरच्या सगळ्या सूचना या दोन वाक्यांतून निघतात. फक्त पित्ताशय तेवढं वेगळं, आणि सगळ्यात जास्त फेऱ्या तेच मारायला लावतं.

"काही खाल्लं नाही हो, फक्त चहा घेतलाय"

हे वाक्य मी दिवसातून किमान चार वेळा ऐकते. आपल्याकडे चहा खाण्यापिण्यात धरतच नाहीत ना.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खाली चिकटलेली, लहान लांबट वांग्याएवढी एक पिशवी. यकृतात तयार होणारं पित्त तिच्यात साठतं, साधारण 30 ते 50 मिलिलिटर. ते स्निग्ध पदार्थ पचवायला लागतं. म्हणून तेल, तूप, दूध असं काही पोटात गेलं की लहान आतड्यातून निरोप जातो आणि ही पिशवी आकसून पित्त सोडून देते. सात-आठ तास काही खाल्लं नाही, की ती पुन्हा टम्म भरते. भरलेली असली तरच आतले खडे, गाळ, भिंतीवरचे कोंब नीट दिसतात. फुगवलेल्या फुग्याची भिंत कशी पातळ, ताणलेली असते आणि तोच फुगा हवा सोडली की सुरकुतून जाड होतो? पित्ताशयाचं तसंच. भरलेल्या पित्ताशयाची भिंत 3 मिलिमीटरपर्यंत जाड असली तर ती सर्वसाधारण धरतात. आकसलेल्याची त्याहून जाड दिसू शकते, आणि ती सूज आहे की अर्धा कप चहा, हे सांगायला डॉक्टरांकडे खात्रीचा उपाय राहत नाही.

माझ्या सख्ख्या आईच्या बाबतीत हे झालं. दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात तिला नेलं होतं. मी स्वतः या धंद्यात, आणि तिने सकाळी चहाबरोबर दोन खारी खाल्ल्या हे मला कळलंच नाही. तिथं कुणी विचारलंही नाही. रिपोर्टमध्ये 'पित्ताशय आकुंचित, नीट तपासता आले नाही'. दुसऱ्या दिवशी परत तीच पायपीट. तेव्हापासून माझ्या काउंटरवर मी "उपाशी आहात का?" असं विचारतच नाही, "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारते. उत्तरं लगेच वेगळी येतात.

आणि दुसरा घोटाळा भाषेचा. उपाशी वेगळं, उपास वेगळा. एकदा संकष्टीला एक काकू आल्या, अगदी ठामपणे म्हणाल्या, "आज उपासच आहे माझा." पित्ताशय पार रिकामं. साबुदाण्याची खिचडी झाली होती, वर दाण्याचं कूट, शिवाय वाटीभर दही. उपासाला सगळं चालत असेल, पण शेंगदाण्याच्या तेलाला संकष्टी कळत नाही.

तेव्हा पोटाची सोनोग्राफी असेल तर आधीचे सहा ते आठ तास साध्या पाण्याशिवाय काही नाही. कोरा चहा चालतो का, नारळपाणी चालतं का, ताक चालतं का, या वाटाघाटींमध्ये पडूच नका. सकाळी लवकरची वेळ घ्या, म्हणजे रात्रीची झोपच उपाशी राहण्याच्या कामी येते. आदल्या रात्रीचं जेवण हलकं असू द्या: वरणभात, मऊ खिचडी. मटकीची उसळ, चवळी, कोबी, मुळा आणि वरून सोड्याची बाटली, हा बेत तपासणीनंतरच्या दिवसासाठी ठेवा. तो गॅस आतड्यात साचतो आणि पोटाच्या मागच्या बाजूला दडलेलं स्वादुपिंड त्याच्याआड जातं. रिपोर्टमध्ये 'वायूमुळे स्वादुपिंडाचा काही भाग दिसला नाही' अशी ओळ दिसली तर घाबरू नका, तो आजार नव्हे. फार गॅस होणाऱ्यांना डॉक्टर कधीकधी आदल्या दिवशी गोळी देतात, पण ती त्यांना विचारूनच.

तंबाखू, मिस्री, गुटखा, बिडी, च्युइंगम हेही सकाळी नको. चघळताना आणि झुरका ओढताना माणूस हवा गिळत राहतो. मिस्री लावून आलेल्या आज्या मला नुसत्या वासावरून कळतात. "ती काय खाल्ली नाही बाई, दातालाच लावली" असा युक्तिवाद असतो, आणि त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

रोजच्या गोळ्यांचं लोक विचारायला विसरतात. रक्तदाबाची, थायरॉइडची, हृदयाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते, त्याने पोटाच्या तपासणीला बाधा येत नाही. मधुमेहाची गोष्ट मात्र निराळी. उपाशी राहून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. म्हणून मधुमेह असेल तर दोन कामं करा: सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, आणि त्या सकाळच्या डोसचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांसमोर अंधारी आली तर सरळ खा आणि काउंटरवर सांगा. सोनोग्राफी उद्याही होते. लहान मुलांना आठ तास उपाशी ठेवायचं नसतं. त्यांच्या वयाप्रमाणे तीन-चार तास पुरतात, तान्ह्या बाळाचं एखादं दूध पुढं ढकललं तरी भागतं. किती ते केंद्राला फोन करून विचारा.

आणखी एक. पोटाची सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी एकाच दिवशी असेल तर सोनोग्राफी आधी. दुर्बीण घालताना आतड्यात हवा भरतात.

"प्रेशर आलंय का?"

केंद्राच्या बाकावर बसलेली निम्मी माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन असतात आणि आमच्या मावशी दर दहा मिनिटांनी हा प्रश्न विचारत फिरतात. नवख्या माणसाला वाटतं रक्तदाबाचं विचारतायत. एका आजोबांनी "एकशे चाळीस-नव्वद" असं उत्तर दिलं होतं.

गर्भाशय, अंडाशय, पुरुषांमधली प्रोस्टेट ग्रंथी हे सगळं ओटीपोटात, लघवीच्या पिशवीच्या मागे किंवा खाली असतं, आणि त्यांच्यावर आतड्याची वेटोळी पसरलेली असतात. आतड्यात हवा. लघवीची पिशवी भरली की ती आतड्याला वर ढकलते आणि स्वतः पाण्याची खिडकी बनते. मुतखडा किडनीतून घसरत येऊन नळीच्या अगदी शेवटच्या टोकाला, पिशवीच्या तोंडाशी अडकला असेल तर तो बऱ्याचदा पिशवी भरलेली असतानाच पकडता येतो. उन्हाळ्यात आमच्याकडे कंबर धरून येणारे वाढतात, त्यांना म्हणूनच आधी पाणी पाजून बसवतात.

किती पाणी, कधी? साधारण लिटरभर, तपासणीच्या तासभर आधी, आणि त्यानंतर लघवीला जायचं नाही. यात लोक वेळेचा हिशेब चुकतात. पाणी प्यायलं की पिशवी लगेच भरत नाही. एरवी दिवसभरात दीडेक लिटर लघवी होते, म्हणजे मिनिटाला साधारण एक मिलिलिटर. भरपूर पाणी प्यायल्यावर वेग वाढतो, पण त्याला अर्धा-पाऊण तास जावा लागतो. रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता आलेल्या माणसाचं शरीर आधी स्वतःची तहान भागवतं, मग उरलेलं खाली सोडतं. म्हणून आमच्या दारात येऊन दहा मिनिटांत दोन बाटल्या रिचवणाऱ्याचा नंबर लांबतो, आणि मग सगळं एकदम आलं की तोच माणूस दाराशी येरझाऱ्या घालतो. त्यापेक्षा घरून उठल्यापासून थोडं थोडं पीत निघा. आणि वरून घटाघटा ओतून नको, तोंड लावून घोट घोट प्या. वरून ओततो तेव्हा पाण्याबरोबर हवाही गिळली जाते, आणि हवेचं वर सांगितलंच.

जास्त भरली तरी पंचाईत. तुडुंब पिशवी गर्भाशयाला मागे दाबते, किडन्याही थोड्या फुगलेल्या दिसू शकतात, आणि पेशंट कळवळत असतो तो वेगळाच. असह्य झालं तर दाबून बसू नका, मावशींना सांगा, त्या तुमचा नंबर पुढे घेतात किंवा थोडीशी लघवी करून यायला सांगतात. थोडीशी करून थांबणं जमत नाही म्हणता? कुणालाच जमत नाही. पण सांगतात खरं.

ज्यांना डायलिसिस चालू आहे, हृदय कमजोर आहे, डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलंय, त्यांनी आमच्या छापील चिठ्ठीवरचं लिटरभर पाणी पिऊ नये. ती चिठ्ठी सगळ्यांना एकच असते. तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच प्या, इथं येऊन तसं सांगा, उशीर झाला तरी चालेल.

प्रोस्टेटसाठी आलेल्यांची तपासणी दोन अंकी नाटकासारखी असते. पहिल्यांदा भरलेल्या पिशवीने, मग लघवी करून यायचं आणि किती शिल्लक राहिली ते पुन्हा बघायचं. त्या दुसऱ्या आकड्यासाठीच तर सगळा खटाटोप असतो: पिशवी पूर्ण रिकामी होते की लघवी मागे राहते, हे त्यातून कळतं. एक काका पहिला भाग झाल्यावर बाथरूमला गेले ते तडक एस.टी. स्टँडवर. "मोकळं झालो, वाटलं झालं." त्यांना फोन करून परत बोलवावं लागलं, तोवर पुन्हा पिशवी भरली होती.

बायकांना कधी कधी 'आतून' सोनोग्राफी सांगतात. त्याला उलट लघवीची पिशवी रिकामी लागते, कारण प्रोब योनीमार्गातून थेट गर्भाशयाजवळ जातो, खिडकीची गरजच उरत नाही. प्रोब बोटाएवढ्या जाडीचा, त्यावर दर वेळी नवीन आवरण. शारीरिक संबंध आलेले नसतील तर ही तपासणी करत नाहीत, पोटावरूनच करतात. ते संकोच न करता आधी सांगावं. सोबत बाई अटेंडंट हवी असेल तर मागावी. नको वाटत असेल तर नको म्हणावं, कुणी सक्ती करू शकत नाही. "पाळी आलीय, येऊ का?" असाही फोन फार येतो. बहुतेक तपासण्या पाळीतही होतात. वंध्यत्वाच्या उपचारात किंवा गर्भाशयाच्या अस्तरासाठी डॉक्टरांनी ठरावीक दिवस दिला असेल तर तोच पाळा. आणि शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली ते आठवून या. आत पहिला प्रश्न तोच असतो आणि "मागच्या चतुर्थीच्या आसपास" हे उत्तर कॅलेंडरवर शोधत बसावं लागतं.

थायरॉइड, स्तन, अंडकोश, खांदा-गुडघा, पायाच्या शिरांचा डॉपलर (म्हणजे रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी), यातलं काही असेल तर पोटभर जेवून या. फक्त गळ्याची तपासणी असेल तर मंगळसूत्र आणि चेन काढून ठेवावी लागते. स्तनांच्या तपासणीला अंगाला पावडर नको. किडनीच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर मात्र उपाशीपोटीच. आणि अपघात झालाय, पोटात एकदम जोरात दुखतंय, गरोदरपणात रक्त जातंय, अशा वेळी उपाशी-पाणी काही बघायचं नाही. तसंच यायचं.

गरोदर बाईने जेवून यावं

एक मुलगी, पाचवा महिना, सासूबाईंबरोबर सकाळी आठला आली. अनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी. आदल्या रात्री आठपासून अन्नाचा कण नाही, कारण सासूबाईंच्या पित्ताशयाच्या वेळी तसं सांगितलं होतं. बाकावरच तिला घेरी आली. मावशींनी बिस्किटं आणि चहा दिला. त्या चहाने कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. बाळ बघायला पित्ताशय लागत नाही, आणि बाळ ज्या गर्भजलात असतं ते पाणीच मुळात खिडकीचं काम करतं. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून बघायचं असेल तर लघवीची पिशवी थोडी भरलेली लागते, पुढे तेवढीही गरज राहत नाही.

यात तारीख जास्त महत्त्वाची. तिसऱ्या महिन्यातली एनटी सोनोग्राफी 11 आठवड्यांपासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतच होते. बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायचं असतं, नंतर ते माप उपयोगी पडत नाही. पाचव्या महिन्यातली साधारण 18 ते 20 आठवड्यांत. "लग्नसराई आटपू दे मग येतो" म्हणत लोक ही तारीख टाळतात, ते मला खरंच बघवत नाही. काही गंभीर निघालं तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला दिवस हातात लागतात. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, ठरावीक गटातल्या स्त्रियांना 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि त्यानंतर केवळ बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळापुढं जावं लागतं.

या सोनोग्राफीला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. बाळ पालथं झोपलं असेल तर तुम्हाला बाहेर फिरून यायला सांगतात. म्हणजे काही वाईट दिसलं असं नव्हे. बाळाला हृदय दाखवायचा मूड नसतो.

कागद इथं जास्त लागतात. डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आधीचे सगळे रिपोर्ट. मग मी 'एफ फॉर्म' पुढं करते आणि नवरे वैतागतात: "आधीची मुलं किती, मुलगा की मुलगी, हे तुम्हाला कशाला?" कायदा विचारतो म्हणून. गर्भलिंग तपासणीविरुद्ध राज्याचा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, 1988 साली. केंद्र सरकारचा कायदा 1994 चा, तो 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला आणि 2003 मध्ये आणखी कडक झाला. तरीही 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 894 होत्या. 2001 मध्ये 913. फॉर्मवर 'मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' असं आईने लिहून द्यायचं असतं, डॉक्टरांनी आपण ते सांगितलं नाही असं लिहायचं असतं, आणि महिन्याचे सगळे फॉर्म सरकारकडे जातात. एक रकाना रिकामा राहिला तरी केंद्र अडचणीत येऊ शकतं. म्हणून मी तुमचा पिनकोडसुद्धा विचारते. लिंग विचारणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बाईवर घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा "पेढे की जिलेबी" असलं सूचक काही विचारू नका. आत मोबाइल आणि नातेवाईक सोडत नाहीत तेही बऱ्याच ठिकाणी याचसाठी.

आत गेल्यावर

दोन भागांतले सैल कपडे घाला, साडी किंवा सलवार-कमीज किंवा पँट-शर्ट. गाउन किंवा वनपीस घातला की सगळाच वर घ्यावा लागतो. जेली पाण्याची असते, डाग पडत नाही, पण चिकट लागते, म्हणून एक जुना नॅपकिन आणा. आमच्याकडचा टिश्यू पेपर दोन पुसण्यांतच फाटतो.

डॉक्टर म्हणतात, "श्वास घ्या, धरा, सोडा." श्वास पोट फुगवून घ्यायचा, म्हणजे यकृत फासळ्यांखालून खाली सरकतं. हाडातूनही आवाज नीट जात नाही, म्हणून अवयवांना फासळ्यांच्या बाहेर काढावं लागतं. कुशीवर वळायला सांगतात तेव्हा खडा हलतो का ते बघायचं असतं: खडा घरंगळतो, भिंतीला चिकटलेला कोंब जागचा हलत नाही. प्रोब दाबल्यावर दुखलं तर सहन करू नका, 'इथंच दुखतं' असं सांगा. ती माहिती चित्राइतकीच कामाची.

आपल्याकडे प्रोब डॉक्टरच फिरवतात, त्यामुळे रिपोर्ट बहुतेक त्याच दिवशी मिळतो. अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आमच्या एका पेशंटना नवल वाटलं होतं: तिथं तपासणी तंत्रज्ञाने केली आणि तो आजाराबद्दल एक शब्द बोलेना. डॉक्टर मागाहून चित्रं बघून लिहितात, हे त्यांना नंतर कळलं.

इथं मात्र पाकीट हातात पडलं की लोक काउंटरवरच उघडतात आणि मला विचारतात, "मॅडम, काय आलंय हो? यात ग्रेड वन फॅटी लिव्हर लिहिलंय." मला वाचता येतं, पण सांगायचा अधिकार नाही. खाली एक इंग्रजी ओळ बहुतेक वेळा असते, लक्षणांशी ताडून बघा अशा अर्थाची. ती ओळ तुमच्यासाठी नाहीच, तुमच्या डॉक्टरांसाठी आहे. पडद्यावरच्या सावल्या आतल्या डॉक्टरांनी बघितल्या, तुमचं दुखणं ज्यांना माहीत आहे त्यांनी आता दोन्हीचा मेळ घालायचा.

तेव्हा पाकीट घेऊन तिकडं जा. आणि सहा महिन्यांनी परत याल तेव्हा हेच पाकीट घेऊन या. गाठ 8 मिलिमीटरची आहे, एवढ्यावरून कुणाला फारसं काही सांगता येत नाही. मागच्या वेळी ती 5 ची होती की 8 चीच होती, ते फक्त तुमच्या घरच्या कपाटातल्या कागदावर असतं.